तिसरा रकाना

(नवीन पनवेल येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जुलै १९७९. पनवेलच्या आमच्या शाळेत आठवीच्या वर्गात पावसाळी अंधारामुळे भर दुपारी दिवे लावले होते. अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा पडणार, अशा बातम्या रोज छापून येत होत्या. ७७ टनांच्या आसपास वजनाचे ते धूड भारताच्याही डोक्यावरून फिरत होते. घराघरांत दुसरा विषय नव्हता. काही मुलांना आयांनी शाळेत पाठवलेच नव्हते. माझ्या बाकावरच्या मुलाने उठून विचारले, "सर, माणूस चंद्रावर जाऊन परत आला. मग ही कुठं पडणार, ते का सांगता येत नाही?"

सरांनी खडू घेतला, फळ्यावर पृथ्वी काढली, तिच्याभोवती एक वर्तुळ काढले आणि काही वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "चंद्राची वाट रिकामी आहे रे. स्कायलॅबची वाट हवेतून जाते. आणि त्या हवेची पुरेशी नोंद अजून आपल्यापाशी नाही."

११ जुलैला स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. भीती ओसरली, पण सरांचे ते वाक्य माझ्याजवळ राहिले. त्या दिवाळीनंतर सरांनी आम्हा पाचसहा मुलांना एक वही दिली. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले होते. पहिल्यात पंचांगातली सूर्योदयाची वेळ लिहायची. दुसऱ्यात शाळेच्या गच्चीवरून सूर्याची पहिली कड दिसली ती वेळ लिहायची. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर एकच शब्द होता : फरक.

आज मी अंतराळयानाच्या मार्गाविषयी बोलणार आहे. हा मार्ग गणिताने कसा काढतात, उड्डाणाआधी तो संगणकावर हजारो वेळा कसा उडवून पाहतात, आणि या सगळ्याचा आपल्या पनवेलशी, आपल्या रायगड जिल्ह्याशी काय संबंध आहे, हे सांगणार आहे. सरांच्या नावाच्या व्याख्यानमालेत मला दुसरा विषय सुचला नाही.

१

कक्षेत फिरणारा उपग्रह खाली का पडत नाही, असे लोक विचारतात. तो सतत पडतच असतो. चारशे किलोमीटर उंचीवर उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असतो. एका सेकंदात तो तेवढा पुढे जातो आणि त्याच सेकंदात चार मीटरांहून थोडा अधिक खाली पडतो. पण पृथ्वी गोल आहे. तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. म्हणून पडूनही जमिनीपासूनचे अंतर तेवढेच राहते.

सगळा हिशेब या एका सेकंदात आहे. उपग्रह कुठे आहे, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालला आहे, हे कळले की त्याच्यावर कोणकोणते ओढ-दाब आहेत ते मांडायचे : पृथ्वीचे गुरुत्व, इंजिनाचा रेटा, हवेचा विरोध, चंद्र-सूर्याची ओढ आणि सूर्यप्रकाशाचा बारीकसा दाब. त्यावरून पुढच्या क्षणीचा वेग काढायचा, त्या वेगावरून पुढची जागा काढायची, आणि तिथून पुन्हा तेच. संगणकावरच्या सिम्युलेशनचा गाभा एवढाच आहे. लहान लहान पावले टाकत केलेला तो एक लांबलचक हिशेब असतो.

नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी अनेक वर्षे हे शिकवले. दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकात एकच गोष्ट घडते. मुले सर्वांत सोपी पद्धत घेतात. तिला ऑयलरची पद्धत म्हणतात. दहा सेकंदांचे पाऊल ठरवतात आणि उपग्रह सोडतात. पहिल्याच फेरीत तो शेकडो किलोमीटर वर सरकतो. इंजिन बंद असताना हा वर कसा चढतो? मुले पाऊल एका सेकंदावर आणतात. चढणे मंदावते, पण थांबत नाही. कारण या पद्धतीत प्रत्येक पावलाला उपग्रह वळणाच्या किंचित बाहेर टाकला जातो, आणि तो किंचितपणा साचत जातो. मग आम्ही रुंगे-कुट्टा पद्धत घेतो. ती एका पावलात चार वेळा डोकावून दिशा पाहते. कक्षा जागच्या जागी राहते.

त्या दिवशी मी मुलांना एवढेच सांगतो, की पडद्यावर सुबक रेघ उमटली म्हणजे ती खरी असते असे नाही. खरी कक्षा आकाशात आहे. आपली रेघ तिच्याशी ताडून पाहायची असते.

२

प्रक्षेपणाचा हिशेब याहून अवघड. श्रीहरिकोटा विषुववृत्तापासून जवळपास पावणेचौदा अंश उत्तरेला आहे. तिथे पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे सेकंदाला साडेचारशे मीटर वेग आयताच मिळतो. पूर्वेकडे जाणाऱ्या यानाला ही मोठी देणगी आहे. पण ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेकडे जायचे, तर वाटेत श्रीलंका येते. म्हणून आपले पीएसएलव्ही रॉकेट आधी आग्नेयेला झेपावते आणि समुद्रावर पोचल्यावर वळते. या वळणाला इंधन खर्ची पडते, आणि तेवढे वजन उपग्रहातून कमी करावे लागते. श्रीलंकेवर काही पडू नये, याची ती किंमत आहे.

दाट हवेतून जाताना रॉकेट आधी ठरवलेल्या कलाने वळत राहते. तिथे ते स्वतःच्या बुद्धीने फारसे वळत नाही, कारण जोराच्या हवेत आडवे झाले तर मोडेल. म्हणून उड्डाणाच्या दिवशी फुगे सोडून वरच्या वाऱ्यांची नोंद घेतात आणि त्या दिवसाच्या वाऱ्याला जुळेल असा कल निवडतात. हवा विरळ झाली, उष्णतारोधक कवच गळून पडले, की यानावरचा संगणक प्रत्यक्ष वेग मोजून पुढचा मार्ग स्वतः ठरवू लागतो.

इथे किती लहान चूकही महागात पडते? ७ ऑगस्ट २०२२ चे एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचे पहिले उड्डाण घ्या. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेत जायचे होते. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराची कंपने झाली. यानावरच्या यंत्रणेने त्वरणमापकांची मोजणी बिघडल्याचे धरून वाट बदलली. उपग्रह ३५६ गुणिले ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळात सुटले. म्हणजे पृथ्वीपासून सर्वांत दूरचा, अपभू बिंदू बरोबर साधला, सर्वांत जवळचा, उपभू बिंदू मात्र हवेत बुडाला. हा हिशेब मी मुलांकडून करून घेतो. वरच्या टोकाला वेग हवा होता सेकंदाला सुमारे ७.६९ किलोमीटर, मिळाला ७.६१. फरक फक्त ८० मीटरांचा, जेमतेम एक टक्का. तेवढ्याने उपग्रह गेले. देशभरच्या शाळकरी मुलींनी तयार केलेला आझादीसॅट त्यांतच होता. पुढे यंत्रणेत सुधारणा झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरे उड्डाण साधले.

म्हणून सिम्युलेशन एकदा चालवून भागत नाही. रेटा थोडा कमी, वारा थोडा जास्त, वजन थोडे वेगळे, एखादे मापक चुकलेले, असे सारे फरक मुद्दाम टाकून तेच उड्डाण हजारो वेळा उडवतात आणि शेवटी यान कुठे कुठे पोचते ते पाहतात. तो ठिपक्यांचा एक पुंजका होतो. २०१९ साली चांद्रयान-२ च्या अवतरकाला ५०० मीटर गुणिले ५०० मीटरची जागा दिली होती. ते उतरणे फसले. तो अनुभव पचवून चांद्रयान-३ ला ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटरचा पट्टा दिला, आणि अमुक बिघडले तर काय, या प्रश्नावर सगळी आखणी केली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ते चंद्रावर उतरताना आपण सर्वांनी पाहिले. अपयशाचा फरक लपवला नाही, मोजला. म्हणून ती संध्याकाळ आली.

३

आता मंगळयान. मार्गाचे गणित समजून घ्यायला याच्याइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मंगळाकडे जाण्याची कमी खर्चाची वेळ सव्वीस महिन्यांनी एकदा येते. २०१३ साली ती वेळ गाठायला आपल्याकडे होते पीएसएलव्ही. ते यानाला थेट मंगळाच्या वाटेवर सोडण्याइतके ताकदवान नव्हते. म्हणून यान आधी पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडायचे आणि मग ढकलत ढकलत ती कक्षा लांबवत न्यायची, असे ठरले. मुलाला झोपाळ्यावर जसे झोके देतो तसे. झोका खालच्या बिंदूपाशी दिला तर सर्वांत लागू पडतो. यानालाही उपभू बिंदूपाशी, वेग सर्वाधिक असताना दिलेला धक्का सर्वांत जास्त फळतो.

हा उपभू बिंदू नेमका कुठे असावा, हे १ डिसेंबरच्या प्रस्थानावरून उलटे मोजत आणावे लागले. त्यापायी पीएसएलव्हीच्या शेवटच्या टप्प्याला सुमारे २५ मिनिटे इंजिन न पेटवता वाट पाहायची होती. तो पेटणार होता प्रशांत महासागरावर, जिथे आपले एकही केंद्र नाही. म्हणून नालंदा आणि यमुना ही दोन जहाजे अँटेना घेऊन तिकडे निघाली. खराब हवामानामुळे जहाज वेळेवर पोचेना, तेव्हा २८ ऑक्टोबरचे उड्डाण ५ नोव्हेंबरवर गेले. मला यातली शिस्त फार मोलाची वाटते. रॉकेट तयार होते, गणित तयार होते. पण जे घडेल ते पाहणारा डोळा जागेवर नव्हता, म्हणून थांबले.

५ नोव्हेंबर २०१३, दुपारी २ वाजून ३८ मिनिटे. उड्डाण अचूक झाले. मग झोके सुरू झाले. तिसऱ्या झोक्यानंतर अपभू ७१ हजार किलोमीटरांच्या पुढे गेला. ११ नोव्हेंबरच्या चौथ्या झोक्यात तो लाखभर किलोमीटरांवर न्यायचा होता. त्यासाठी सेकंदाला १३० मीटर वेग वाढायला हवा होता, वाढला फक्त ३५. इंधनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव वेटोळी एकाच वेळी चालवून पाहत असताना प्रवाह थांबला होता. अपभू ७८,२७६ किलोमीटरवर अडकला. त्या दिवशी गणिताचा रकाना आणि आकाशाचा रकाना जुळले नाहीत. मग त्या लोकांनी काय केले? कक्षा नव्याने मोजली, मोजलेल्या कक्षेवरून नवा हिशेब मांडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता उरलेला धक्का दिला. अपभू १,१८,६४२ किलोमीटरवर पोचला. १ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर ४९ मिनिटांनी यानाने पृथ्वीची साथ सोडली.

मंगळाच्या वाटेवर चार सुधारणा ठरलेल्या होत्या. त्यांपैकी ऑगस्ट २०१४ ची केलीच नाही, कारण मोजलेला मार्ग आखलेल्या मार्गाच्या इतका जवळ होता की तिची गरज उरली नव्हती. फरक दिसला तर सुधारायचा. फरक नसताना हात लावायचा नाही. हा संयमही गणिताचाच भाग आहे. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी यान मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. मंगळापासूनचे त्याचे दूरचे टोक सुमारे ८०,००० किलोमीटरवर असावे असा अंदाज होता, ते आले ७६,९९३ वर. हा फरक त्यांनी जगाला सांगितला.

४

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. चंद्रावर जाता येते, मग स्कायलॅब कुठे पडणार ते का सांगता येत नव्हते?

चारशे किलोमीटरवरही हवा असते, अतिशय विरळ. पण सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूला तीही हळूहळू थोपवते. आणि ही हवा एकसारखी नसते. सूर्य चेकाळला की वरचे वातावरण तापते आणि फुगते. कालपर्यंत जिथे हवा जवळजवळ नव्हती तिथे आज असते. स्कायलॅब १९८० नंतरही टिकेल, मग तिला वर ढकलू, असा अमेरिकनांचा हिशेब होता. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापला. हवा फुगली. स्कायलॅब खाली आली. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२२ मध्ये, स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी चुंबकीय वादळ आले, आणि त्यांतले जवळपास चाळीस उपग्रह हवेच्या वाढलेल्या विरोधाने गेले.

मे २०२४ चे मोठे चुंबकीय वादळ तुम्हाला आठवत असेल. त्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबूस प्रकाश दिसला होता. आमच्या विद्यार्थ्यांनी त्या आठवड्यात काही उपग्रहांच्या जाहीर होणाऱ्या कक्षा आणि स्वतःच्या सिम्युलेशनमधल्या कक्षा शेजारी शेजारी मांडल्या. वादळाआधी दोन्ही रेघा बऱ्यापैकी एकत्र चालत होत्या. वादळानंतर खरे उपग्रह आमच्या उपग्रहांपेक्षा झपाट्याने उतरू लागले. आमच्या प्रोग्रॅममध्ये हवेची घनता स्थिर धरली होती. चूक तिथे होती.

ही घनता ठरवायला संगणकाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : सूर्य किती तापला आहे आणि पृथ्वीचे चुंबकत्व किती ढवळले आहे. दुसरी गोष्ट जगभरच्या चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींतून येते. आणि इथे, मित्रहो, आपला जिल्हा येतो. या सभागृहापासून जवळच भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. १९७१ पासून ती स्वायत्त संस्था आहे, पण तिची मुळे मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत आहेत. तिथे १८४१ पासून चुंबकसूचीच्या हालचालींची नोंद होत आली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया थरथरणार, हे दिसताच वेधशाळा अलिबागला न्यायचे ठरले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका सांधताना फरक मोजता यावा. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी तपासून १९१० साली प्रसिद्ध केल्या.

त्या नोंदींत १८५९ चा सप्टेंबर आहे. रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये सूर्यावर प्रखर झळाळी पाहिली. दुसऱ्या दिवशी कुलाब्यात चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला. वादळ वाढले तसे तिथल्या निरीक्षकांनी नेहमीपेक्षा कमी अंतराने आकडे टिपले. २००३ साली याच भूचुंबकत्व संस्थेतले जी. एस. लखिना आणि एस. ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या आकड्यांचा नव्याने अभ्यास केला. आज उपग्रहांवर येऊ शकणाऱ्या वाईटात वाईट वादळाची कल्पना करताना जगभरचे अभ्यासक कुलाब्याचा तो आकडा समोर ठेवतात. ज्यांनी तो टिपला, त्यांनी उपग्रह हा शब्द या अर्थाने कधी ऐकलाही नव्हता. त्यांना सुई हललेली दिसली आणि त्यांनी ती लिहून ठेवली.

५

याच कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या सुमारास पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मदतनीस म्हणून लागला. अलिबागजवळच्या नागावचा. केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना. पुढे १८६० साली त्यांनी मराठीत 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिली. अमुक दिवशी अमुक ग्रह आकाशात कुठे असेल, ते काढण्याचे हे साधन. मंगळयानाच्या वाटेवरही पहिला प्रश्न हाच होता : त्या दिवशी मंगळ कुठे असेल? पुढे निघालेल्या पटवर्धनी पंचांगामागे केरूनानांचे गणित होते. पंचांगातला ग्रह आणि डोळ्यांना दिसणारा ग्रह एकाच ठिकाणी असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे याला दृक्प्रत्यय म्हणतात.

आणखी मागे जा. मुरूडजवळचे नांदगाव. शके १४४२, म्हणजे १५२० साली गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' रचला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी स्वतः वेध घेऊन कोणता ग्रह कोणत्या सिद्धांताशी जुळतो हे तपासले होते. मुलाने एकाच ग्रंथाची बाजू धरली नाही. ज्या ग्रहाला ज्याचे गणित आकाशाशी जुळले ते घेतले आणि किचकट आकडेमोड सोपी करून दिली. वेधाने दिसलेला फरक गणितात मिळवण्याच्या कृतीला जुने ज्योतिषी बीजसंस्कार म्हणत. १२ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे मंगळयानाच्या कक्षेवर झाला तो बीजसंस्कारच होता, असे मी म्हणेन. नांदगाव, नागाव, अलिबाग, पनवेल ही चार गावे एका जिल्ह्यात आहेत. या चारही ठिकाणच्या लोकांनी आकाशाला आपल्या गणितापेक्षा मोठे मानले.

६

शेवटी आमची वही. वर्षभर आम्ही तिसरा रकाना भरला. पावसाळ्याची पाने कोरी राहिली. फरक रोज यायचा, आणि आम्ही खट्टू व्हायचो. पंचांग म्हणे सहा पस्तीस, आम्हाला सूर्य दिसे त्याच्या दहा-पंधरा मिनिटे नंतर. आम्ही सरांना म्हटले, पंचांग चुकीचे आहे. सर म्हणाले, "आलेख काढा." मग आम्ही फरक कागदावर मांडला. एखाद्या दिवशीची उडी म्हणजे आमचे घड्याळ. पण त्या उड्यांच्या खालून एक संथ रेघ चालली होती, महिन्यामहिन्याने चढणारी आणि उतरणारी. सरांनी तो कागद उचलला, आम्हाला गच्चीवर नेले आणि पूर्वेकडे धरला. कागदावरची रेघ आणि समोरची डोंगराची कड एकच होती. मार्चच्या नोंदींपाशी उंचवटा होता, तिथे समोर प्रबळगड उभा होता. फरक लिहिता लिहिता, नकळत, आम्ही प्रबळगड काढला होता.

त्या सकाळी मला कळले की फरक लाजेखातर खोडायचा नसतो. आपल्याला माहीत नसलेली गोष्ट पहिल्यांदा तिथेच दिसते. स्कायलॅबच्या फरकात फुगलेली हवा होती. कुलाब्याच्या फरकात सूर्याचे वादळ होते. आमच्या फरकात डोंगर होता.

आज नवी मुंबईतल्या प्रत्येक मुलाच्या हातात असा फोन आहे, जो अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावरून किती वाजता जाईल हे सांगतो. माझी या परिसरातल्या शिक्षकांना हात जोडून विनंती आहे. मुलांना गच्चीवर न्या. फोनने सांगितलेली वेळ लिहायला लावा, डोळ्यांनी पाहिलेली वेळ लिहायला लावा. तीन रकान्यांच्या शंभर वह्या छापून घेतल्या आहेत. दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा.